'डाय हार्ड' : अनवाणी नायकाची दीर्घ रात्र

लॉस एंजेलिसला उतरणाऱ्या विमानात एक पोलीस अधिकारी आसनाचा हात घट्ट धरून बसला आहे. विमानप्रवासाची त्याला धास्ती वाटते. शेजारचा अनुभवी प्रवासी त्याला एक तोडगा सुचवतो. मुक्कामी पोहोचल्यावर बूट-मोजे काढावेत, गालिच्यावर अनवाणी चालावे आणि पायाच्या बोटांच्या मुठी वळाव्यात, म्हणजे प्रवासाचा ताण उतरतो. काही वेळाने एका उंच इमारतीतील प्रसाधनगृहात तो अधिकारी खरोखरच तसे करून पाहतो. त्याला बरेही वाटते. तेवढ्यात बाहेर गोळ्यांचे आवाज येतात आणि तो हाती पिस्तूल घेऊन, पण बूट न घालताच, जिन्याकडे धाव घेतो.

जुलै १९८८ मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झालेल्या 'डाय हार्ड' या चित्रपटाचे सारे रहस्य या अनवाणी पायांत दडलेले आहे, असे म्हटले तर वावगे ठरू नये. त्यानंतर हॉलिवूडने यापेक्षा कितीतरी मोठे स्फोट घडवले, अधिक उंच इमारती पाडल्या, संगणकाच्या साहाय्याने शहरेच्या शहरे उद्ध्वस्त केली. त्यातील बहुतेक चित्रपट पुढच्या हंगामापर्यंत विस्मरणात गेले. 'डाय हार्ड' मात्र दरवर्षी डिसेंबर उजाडला की नव्याने पाहिला जातो. अमेरिकेच्या 'लायब्ररी ऑफ काँग्रेस'ने २०१७ मध्ये त्याचा समावेश जतन करावयाच्या चित्रपटांच्या राष्ट्रीय सूचीत केला. एका मारधाडपटाला हे दीर्घायुष्य कशामुळे लाभले?

नकारांतून घडलेली निवड

या चित्रपटाचे मूळ रॉडरिक थॉर्प यांच्या १९७९ सालच्या 'नथिंग लास्ट्स फॉरएव्हर' या कादंबरीत आहे. ही कादंबरी त्यांच्याच 'द डिटेक्टिव्ह' या आधीच्या कादंबरीचा पुढचा भाग होती. 'द डिटेक्टिव्ह'वर १९६८ मध्ये निघालेल्या चित्रपटात फ्रँक सिनात्रा यांनी नायकाची भूमिका केली होती. त्यामुळे नव्या चित्रपटातील भूमिकाही प्रथम त्यांनाच देऊ करणे निर्मितीसंस्थेला भाग होते. सिनात्रा तेव्हा सत्तरी ओलांडलेले होते. त्यांनी नकार दिला. त्यांच्यानंतर त्या काळातील अनेक नामवंत नायकांनीही ही भूमिका नाकारली आणि अखेर ती ब्रूस विलिस यांच्याकडे आली.

विलिस तेव्हा 'मूनलायटिंग' या दूरचित्रवाणी मालिकेतील खट्याळ गुप्तहेर म्हणून लोकप्रिय होते. अशा विनोदी नटाला ५० लाख डॉलर मानधन देण्याच्या निर्णयाने हॉलिवूडमध्ये भुवया उंचावल्या. जाहिरातींतही पुढे त्यांच्या चेहऱ्यापेक्षा इमारतीला अधिक जागा मिळाली. तो काळ 'रॅम्बो' आणि 'कमांडो'चा होता. पिळदार स्नायूंचा नायक एकट्याने सैन्याची तुकडी गारद करी आणि त्याच्या अंगावर फारसा ओरखडाही उमटत नसे. 'डाय हार्ड'च्या दोन पटकथाकारांपैकी स्टीव्हन डिसूझा यांनी 'कमांडो'च्या लेखनातही हातभार लावला होता. जेब स्टुअर्ट यांच्यासह त्यांनी लिहिलेला नवा नायक मात्र त्या परंपरेला छेद देणारा ठरला.

कथा थोडक्यात अशी. न्यूयॉर्क पोलीस दलातील जॉन मॅक्लेन नाताळच्या पूर्वसंध्येला लॉस एंजेलिसला येतो. त्याची पत्नी हॉली नोकरीसाठी मुलांसह तेथे राहायला गेली आहे आणि नाकातोमी या जपानी कंपनीत वरच्या पदावर पोहोचली आहे. कंपनीच्या मुख्यालयात मेजवानी सुरू असताना हान्स ग्रूबर आणि त्याचे बारा साथीदार इमारत ताब्यात घेतात. सर्व जण ओलीस ठरतात, निसटतो तो फक्त मॅक्लेन. चित्रपट लिहिला-चित्रित केला गेला तेव्हा जपानी भांडवल अमेरिकेत वेगाने शिरत होते. पुढच्याच वर्षी, १९८९ मध्ये, सोनी कंपनीने कोलंबिया पिक्चर्स ही चित्रपटसंस्थाच विकत घेतली. जपानी मालकीची चकचकीत इमारत ही त्या काळच्या अमेरिकी प्रेक्षकासाठी निव्वळ कल्पना नव्हती.

जखम होते, म्हणून धास्ती वाटते

दिग्दर्शक जॉन मॅकटिअर्नन यांच्या या नायकाला भीती वाटते आणि ती तो लपवत नाही. पहिल्या चकमकीत मारल्या गेलेल्या शत्रूचे बूट तो पायात घालून पाहतो, ते लहान पडतात. छतावर स्फोट होण्यापूर्वी आग विझवण्याचा पाइप कमरेला बांधून तो खाली उडी घेतो, तेव्हा त्याच्या तोंडी वीराची गर्जना नसते, आपण मरू नये एवढीच देवाकडे विनवणी असते. पुढे हान्सच्या लक्षात येते की हा माणूस अनवाणी आहे. तो साथीदाराला काचेच्या भिंतींवर गोळ्या झाडायला सांगतो. जमिनीभर काचांचा सडा पडतो आणि मॅक्लेनला त्यावरून पळावे लागते.

त्यानंतरचा प्रसंग चित्रपटाचा गाभा आहे. रक्ताळलेल्या पायांतून काचा उपसत मॅक्लेन प्रसाधनगृहात बसलेला आहे. बिनतारी यंत्रावर दुसऱ्या टोकाला अल पॉवेल हा पोलीस सार्जंट आहे. दोघांनी एकमेकांना पाहिलेलेही नाही. आपण यातून वाचणार नाही, असे वाटून मॅक्लेन त्याच्याकडे पत्नीसाठी निरोप देतो. तिची भरभराट होत असताना आपण तिच्या पाठीशी उभे राहायला हवे होते, ही चूक तो कबूल करतो आणि क्षमा मागतो. मेजवानीच्या सुरुवातीला हेच बोलण्याची संधी त्याला मिळाली होती, तेव्हा त्याने भांडण उकरून काढले होते. मारधाडपटातील नायकाची खरी लढाई स्वतःच्या ताठ्याशी आहे, हे येथे स्पष्ट होते. पुढच्या हाणामारीत प्रेक्षक त्याच्या बाजूने श्वास रोखून बसतो तो यामुळेच. तो जगला नाही, तर ती क्षमा अनोळखी माणसाच्या तोंडूनच तिच्यापर्यंत पोहोचणार असते.

या वेदनेची किंमत पडद्याबाहेरही मोजावी लागली. टेबलाखालून पिस्तूल झाडण्याच्या एका दृश्यात बारच्या आवाजाने आपल्या डाव्या कानाची श्रवणशक्ती बऱ्याच अंशी गेली, असे विलिस यांनी नंतर सांगितले होते.

पेरलेले सारे उगवते

'डाय हार्ड' पुन्हा पुन्हा पाहताना कंटाळा येत नाही, याचे दुसरे कारण त्याची घट्ट वीण. या पटकथेत कोणतीही वस्तू उगाच येत नाही. नवऱ्यावरच्या रागाने हॉली आपल्या टेबलावरील कौटुंबिक छायाचित्र पालथे घालते. त्या एका कृतीमुळे तिच्याच दालनात बसलेल्या हान्सला शेवटपर्यंत कळत नाही की, आपल्याला हैराण करणाऱ्या माणसाची बायको समोरच आहे. नोकरीच्या ठिकाणी तिने माहेरचे आडनाव लावलेले असते. ते वाचून मॅक्लेन सुरुवातीला दुखावतो, पण तेच आडनाव पुढे तिचे कवच ठरते. कंपनीने तिच्या कामगिरीबद्दल भेट दिलेले किमती घड्याळही असेच. अखेरीस खिडकीबाहेर लोंबकळणारा हान्स तिच्या मनगटावरच्या त्या घड्याळाच्या आधारेच तिला खाली ओढत असतो आणि मॅक्लेन घड्याळाची कडी सोडवतो तेव्हाच तिची सुटका होते.

स्थळाची मांडणीही तितकीच काटेकोर आहे. चित्रीकरण झाले ते सेंच्युरी सिटी भागातील 'फॉक्स प्लाझा' या ३५ मजली इमारतीत. ती निर्मितीसंस्थेच्याच मुख्यालयाची इमारत होती आणि तेव्हा नुकतीच बांधून झाली होती. मेजवानीचा मजला, अर्धवट बांधकामाचे मजले, उद्वाहनाची विहीर, हवेचे बोगदे, छत आणि तिजोरी कोठे आहे, हे प्रेक्षकाला सतत ठाऊक असते. एका भिंतीवर चिकटवलेले तरुणीचे छायाचित्र मॅक्लेनला पुन्हा पुन्हा दिसते आणि त्यावरून आपण कोठे आलो हे त्याच्याबरोबर प्रेक्षकही ओळखतो. छायालेखक यान द बाँट यांचा कॅमेरा सतत हलतो, पण गोंधळात टाकत नाही. संकट कोणत्या दिशेने येणार हे माहीत असले, तरच ते येण्याची वाट पाहण्यात थरार असतो. झपाट्याने दृश्ये कापणाऱ्या पुढच्या अनेक थरारपटांना नेमका याचाच विसर पडला.

खलनायकाचा सूट आणि तिजोरीची सात कुलपे

हान्स ग्रूबरची भूमिका करणारे अ‍ॅलन रिकमन हे ब्रिटिश रंगभूमीवरील नट. वयाच्या चाळिशीत त्यांनी केलेला हा पहिलाच चित्रपट. 'हॅरी पॉटर'मधील प्राध्यापक स्नेप म्हणून त्यांना ओळखणाऱ्या पिढीला हे ऐकून नवल वाटेल. त्यांचा हान्स आरडाओरडा करत नाही. त्याचा सूट बेतलेला आहे, बोलणे शांत आहे आणि ज्याला काही क्षणांत ठार मारायचे, त्याच्याशीही तो शिंप्याच्या कौशल्याबद्दल गप्पा मारतो. राजकीय कैद्यांच्या सुटकेची मागणी हा केवळ देखावा असतो. त्याला हवे असतात तिजोरीतील ६४ कोटी डॉलरचे धारक रोखे. ज्याच्या हाती कागद तोच मालक, असे या रोख्यांचे स्वरूप असल्याने चोराला याहून सोयीची वस्तू नाही. कादंबरीतील टोळी राजकीय दहशतवाद्यांची होती. मॅकटिअर्नन यांनी त्यांना दरोडेखोर केले आणि चित्रपटाला खेळकरपणा दिला. सातवे कुलूप उघडते तेव्हा संगीतकार मायकेल केमेन बीथोवेनच्या नवव्या सिंफनीतील आनंदगान वाजवतात आणि क्षणभर प्रेक्षकही दरोडेखोरांच्या आनंदात सामील होतो!

रिकमन अमेरिकी धाटणीचे इंग्रजी बोलू शकतात, हे समजल्यावर नायक-खलनायकाच्या समोरासमोर भेटीचा प्रसंग पटकथेत घालण्यात आला. पकडला गेलेला हान्स आपण घाबरलेला ओलीस असल्याची बतावणी करतो. मॅक्लेन त्याच्या हाती पिस्तूल देतो, पण त्यात गोळ्या नसतात. हान्सच्या अखेरच्या पतनाचे दृश्य चित्रित करताना तर ठरलेल्या मोजणीच्या आधीच रिकमन यांना खाली सोडण्यात आले. पडद्यावर दिसणारी त्यांच्या चेहऱ्यावरची भीती त्यामुळेच इतकी अस्सल आहे.

नियमपुस्तक, कॅमेरा आणि मुंबईचा धडा

तिजोरीचे सातवे कुलूप विद्युतचुंबकीय असते. वीज तोडल्याखेरीज ते उघडणार नाही आणि वीज तोडणे दरोडेखोरांच्या हाती नाही. हान्स निश्चिंत असतो, कारण दहशतवादविरोधी कारवाईच्या नियमांप्रमाणे केंद्रीय तपास यंत्रणेचे अधिकारी येतील आणि स्वतःच वीज तोडतील, हे त्याला ठाऊक आहे. घडतेही तसेच. समोरच्या परिस्थितीकडे न पाहता नियमपुस्तकाकडे पाहणारी व्यवस्था ही या चित्रपटातील दुसरी खलनायिका आहे. पोलिसांचा उपप्रमुख इतका बथ्थड दाखवला आहे की, समीक्षक रॉजर एबर्ट यांनी १९८८ मध्ये या पात्रावर कडक टीका करून चित्रपटाला चारपैकी दोनच तारे दिले होते.

याहून बोचरे चित्र आहे ते दूरचित्रवाणीच्या वार्ताहराचे. रिचर्ड थॉर्नबर्ग नावाचा हा वार्ताहर मॅक्लेनचे नाव शोधून काढतो, त्याच्या घरात शिरतो आणि लहान मुलांना कॅमेऱ्यासमोर उभे करतो. इमारतीत बसलेला हान्स ते प्रक्षेपण पाहतो, टेबलावरील पालथे छायाचित्र उचलतो आणि हॉलीचे गुपित फुटते. १९८८ मध्ये हे प्रहसन वाटले असेल. २६ नोव्हेंबर २००८ नंतर मुंबईकराला ते तसे वाटणे कठीण आहे. ताज, ओबेरॉय-ट्रायडंट आणि नरिमन हाऊस येथील कारवाईचे थेट प्रक्षेपण सुरू असताना सीमेपलीकडील सूत्रधार तीच दृश्ये पाहून हल्लेखोरांना दूरध्वनीवरून सूचना देत होते. अजमल कसाबच्या खटल्यातील २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने वाहिन्यांच्या या वर्तनावर कठोर ताशेरे ओढले. दहशतवादविरोधी कारवाईच्या थेट प्रक्षेपणावर निर्बंध घालणारी दुरुस्ती २०१५ मध्ये केबल दूरचित्रवाणी नियमांत करण्यात आली. त्या खऱ्या रात्रींची तुलना कोणत्याही करमणुकीशी होऊ शकत नाही. मात्र ओलिसांचा जीव आणि बातमीची घाई यांतील संघर्ष या चित्रपटाने वीस वर्षे आधी अचूक हेरला होता, एवढे मान्य करावे लागते.

खटकणाऱ्या जागा

दीर्घायुषी कलाकृती निर्दोष असतेच असे नाही. पॉवेलची उपकथा आज अस्वस्थ करते. खेळण्यातली बंदूक खरी समजून त्याच्या हातून तेरा वर्षांचा मुलगा मारला गेलेला असतो आणि तेव्हापासून त्याने कोणावरही शस्त्र उगारलेले नसते. शेवटी तो पुन्हा गोळी झाडतो आणि जणू शापमुक्त होतो. गेलेल्या मुलाचे काय, हा प्रश्न चित्रपट विचारत नाही. पोलिसांच्या गोळीला बळी पडलेल्यांच्या बातम्या वाचून मोठी झालेली अमेरिकी पिढी तो विचारते.

हॉलीबाबतही असेच. स्वतःच्या कर्तबगारीवर वर आलेल्या या स्त्रीच्या मनगटावरून तिच्या यशाचे चिन्ह असलेले घड्याळ निसटते आणि अखेरच्या प्रसंगात ती स्वतःची ओळख नवऱ्याच्या आडनावाने करून देते. मॅक्लेनने मागितलेली क्षमा खरी असेल, तर बदलायला हवे होते ते त्याने. गंमत अशी की, त्याच प्रसंगात तो तिची ओळख तिच्या माहेरच्या आडनावाने करून देत असतो. दोघेही एकाच वेळी एकेक पाऊल पुढे आले, असाही या दृश्याचा अर्थ लावता येतो. वाद घालण्याजोगी अशी जागा शिल्लक असणे, हेही चित्रपट जिवंत असल्याचेच लक्षण म्हणायला हवे.

एका इमारतीचा वंशविस्तार

सुमारे २ कोटी ८० लाख डॉलर खर्चून तयार झालेल्या या चित्रपटाने जगभरात सुमारे १४ कोटी डॉलरची कमाई केली. संकलन, ध्वनी, ध्वनिपरिणाम आणि दृश्यपरिणाम या चार विभागांत त्याला ऑस्करची नामांकने मिळाली. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्याने थरारपटाचा एक साचाच घडवला. बंदिस्त जागा, मूठभर शत्रू आणि चुकून तेथे सापडलेला एकटा माणूस. 'अंडर सीज'मध्ये (१९९२) हा साचा युद्धनौकेवर गेला, 'स्पीड'मध्ये (१९९४) बसमध्ये आणि 'एअर फोर्स वन'मध्ये (१९९७) राष्ट्राध्यक्षांच्या विमानात. 'स्पीड'चे दिग्दर्शन तर यान द बाँट यांनीच केले होते.

'डाय हार्ड'चे स्वतःचेही चार उत्तरभाग निघाले. २०१३ मध्ये आलेल्या अखेरच्या भागापर्यंत पोहोचता पोहोचता मॅक्लेन पुन्हा तोच अभेद्य वीर होऊन बसला होता, ज्याला उत्तर म्हणून तो जन्माला आला होता. मोटारी उडत होत्या, तो पडत होता आणि कपडे झटकून उठत होता. त्यात काचा रुतलेले पाय नव्हते. उत्तरभागांतील हा बदलच मूळ चित्रपटाच्या थोरवीचा पुरावा आहे.

हा नाताळचा चित्रपट आहे की नाही, यावर दर डिसेंबरात वाद रंगतो. २०१८ मध्ये विलिस यांनी जाहीर कार्यक्रमात तो नाताळचा चित्रपट नसल्याचे ठणकावून सांगितले, तरी चाहत्यांनी ते मनावर घेतले नाही. शेवटी मॅक्लेन पाठीला पिस्तूल चिकटवतो ते नाताळच्या भेटी बांधण्याच्या चिकटपट्टीनेच. दुरावलेला नवरा सणाला घरच्यांकडे येतो आणि रात्र संपता संपता घर पुन्हा जोडले जाते, ही मुळात सणाचीच गोष्ट आहे.

जानेवारी २०१६ मध्ये रिकमन यांचे निधन झाले. मार्च २०२२ मध्ये विलिस यांच्या कुटुंबीयांनी वाचाघाताच्या विकारामुळे ते अभिनयातून निवृत्त होत असल्याचे जाहीर केले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये त्यांना स्मृतिभ्रंशाचा एक प्रकार जडल्याचे निदान झाल्याचे सांगितले. बोलघेवडेपणा हेच ज्यांचे शस्त्र होते, त्या नटाची वाचाच हिरावली जावी, हे दैवदुर्विलसित होय. या वार्तेनंतर चित्रपट पाहताना प्रसाधनगृहातील तो प्रसंग वेगळा भासतो. रक्ताळलेल्या पायांचा एक थकलेला माणूस, वेळ हातची जाण्यापूर्वी, जे बोलायचे राहून गेले ते बोलून घेतो आहे. स्फोट कालबाह्य होतात. हे बोलणे होत नाही.